उतार, पाट आणि रूळ : खानदेशातल्या नदीकाठच्या गावांचा आढावा

खानदेशाच्या नकाशावर पहिली नजर तापीवर जाते. मुलताईपासून खंबातच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर वाहणारी ही नदी बुऱ्हाणपूर ओलांडून जळगाव जिल्ह्यात शिरते आणि धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून पुढे गुजरातेत उतरते. एवढी मोठी नदी मधोमध वाहत असताना या प्रदेशातली सर्वांत मोठी दोन शहरे, जळगाव आणि धुळे, तिच्या काठावर नाहीत. धुळे पांझरेवर वसले आहे. जळगाव तर नेमक्या कोणत्याच मोठ्या नदीच्या काठावर नाही. गिरणा पश्चिमेला, वाघूर पूर्वेला आणि तापी उत्तरेला ठेवून ते मधल्या काळ्या रानात वाढले. उलट थेट तापीच्या काठावर असलेली थाळनेर, प्रकाशा, चांगदेव, सारंगखेडा ही इतिहासात गाजलेली नावे आज मोठी खेडी किंवा तीर्थक्षेत्रे एवढ्यावरच थांबली आहेत. नदीकाठी संस्कृती फुलते हे शाळेत शिकवलेले सूत्र इथे अर्धेच लागू पडते. उरलेल्या अर्ध्याचा शोध घेताना एक निष्कर्ष हाती येतो : खानदेशात गाव वाढले ते नदीत पाणी किती आहे यावर नव्हे. ती नदी कुठे ओलांडता येते आणि तिचे पाणी शेतात उचलून न्यावे न लागता कुठे आपोआप वाहते, या दोन गोष्टींवर ते वाढले. तापीने पहिली सोय दिली, दुसरी दिली नाही. तिच्या उपनद्यांनी दुसरीही दिली. पुढे रेल्वे आली आणि पहिल्या सोयीची किंमतच उतरली.

या विषयावर झालेले काम कमी नाही, पण ते तुकड्यांत विभागलेले आहे. पुरातत्त्वज्ञांनी ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचा शोध घेतला, बा. कृ. थापर यांचे प्रकाशाचे उत्खनन, म. ना. देशपांडे यांचे बहाळचे उत्खनन, डेक्कन कॉलेजचे कवठे येथील काम आणि वसंत शिंदे यांचा मध्य तापी खोऱ्यातील आद्य वस्त्यांवरचा ग्रंथ हे त्यातले मुख्य टप्पे. मध्ययुगाचा अभ्यास फारूकी सुलतान, मोगल सुभा आणि प्रवाशांची वर्णने यांभोवती फिरतो. अठराव्या शतकासाठी पेशवे दप्तरातल्या खानदेशी कागदांवर स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी केलेले काम मोलाचे आहे. एकोणिसाव्या शतकाची बहुतेक माहिती १८८० च्या खानदेश गॅझेटियरवर उभी आहे. अडचण अशी की पुरातत्त्वज्ञ इसवी सनाच्या आरंभाशी थांबतो, मध्ययुगाचा अभ्यासक किल्ल्यांत आणि तहांत रमतो आणि स्थानिक इतिहासकार आपल्या शहराचा संस्थापक शोधण्यात गुंततो. या तिन्ही तुकड्यांत समान असलेला एकच घटक म्हणजे नदी, आणि नेमका तोच पार्श्वभूमीत ढकलला जातो.

म्हणून आधी नदीच नीट पाहायला हवी. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगांमधला तापीचा पट्टा म्हणजे खोल गाळाने भरलेली लांबट द्रोणी आहे. गाळ सुपीक आहे, पण तो जितका खोल तितकी नदीही त्याला कापत खोल गेली आहे. बऱ्याच ठिकाणी तापीचे काठ पात्रापासून उंच आणि उभे आहेत. काठालगतची जमीन घळींनी फाटलेली आहे. उन्हाळ्यात खाली पाणी दिसते, पण ते वर रानात चढवण्याचा मार्ग पंप येईपर्यंत नव्हता. पावसाळ्यात तीच नदी भयंकर होते. १८२२ च्या पुरात साठाहून अधिक गावे पार बुडाल्याची नोंद आहे. गंगेसारखी किंवा ऱ्हाइनसारखी मालवाहू होड्यांची वाहतूकही खानदेशातल्या तापीत कधी रुजली नाही. खडकाळ पात्र आणि ऋतूप्रमाणे बदलणारे पाणी यामुळे नदी ही वाट झाली नाही, वाटेतला अडथळा झाली. याउलट दक्षिणेकडून येणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या सह्याद्री आणि सातमाळ्यातून येतात. त्यांच्या वरच्या आणि मधल्या टप्प्यात पात्र उथळ, तळ खडकाचा आणि उतार बेताचा आहे. अशा ठिकाणी बुटका बंधारा घातला की पाणी पाटाने चालू लागते. उत्तरेकडच्या अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या सातपुड्यातून थोडक्या अंतरात तापीला मिळतात. डोंगरपायथ्याच्या जाड गोट्या-वाळूच्या पट्ट्यात त्यांच्यासारख्या ओढ्यांचे बरेच पाणी जमिनीत मुरते.

पहिल्या शेतकऱ्यांनी ही भूमी कशी निवडली, हे ताम्रपाषाणयुगीन स्थळांवरून कळते. त्याही आधी, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शां. अ. साळी यांना अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. म्हणजे या खोऱ्यात माणसाचा वावर फार जुना आहे. पण स्थिर शेतीवस्ती दिसते ती इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्या आसपास. तापीकाठच्या सावळद्यावरून पुरातत्त्वज्ञांनी एका संपूर्ण मृद्भांड-संस्कृतीला नाव दिले. तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशा येथे १९५४-५५ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर मिळाले. पण त्याच काळातल्या वस्त्या उपनद्यांवरही होत्या, हे विसरता येत नाही. साक्री तालुक्यातले कवठे पांझरेच्या खोऱ्यात आहे. चाळीसगाव तालुक्यातले बहाळ गिरणेवर आहे आणि समोरच्या काठावरच्या टेकवाडे येथे त्याच काळातली दफने सापडली. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेली ही गावांची जोडी या प्रदेशाच्या इतिहासात वारंवार भेटते. बुऱ्हाणपूर आणि झैनाबाद, धुळे आणि देवपूर ही तिचीच पुढची रूपे.

इथे पहिला आक्षेप येतो. सावळदा आणि प्रकाशा तापीवर असतील, तर आद्य शेतकऱ्याने मोठी नदीच निवडली असे का म्हणू नये? याचे उत्तर वस्तीच्या प्रकारात आहे. ही वस्ती मातीच्या भिंती आणि कुडाच्या झोपड्यांची, मर्यादित लोकसंख्येची होती. धान्य, गुरे, शिकार आणि मासे यांवर ती जगत होती. तिला मोठ्या क्षेत्राचे सिंचन लागत नव्हते; पूर ओसरल्यावर ओलावा धरणारी संगमाजवळची गाळजमीन पुरेशी होती. एवढ्या गरजेसाठी तापी आणि उपनदी दोन्ही सारख्याच उपयोगी. फरक पडतो तो लोकसंख्या वाढली आणि दुष्काळात तग धरण्याची वेळ आली तेव्हा. प्रकाशात ताम्रपाषाणयुगीन थर आणि त्यानंतरचा लोहयुगीन थर यांच्यामध्ये खंड आहे. गाव काही काळ ओस पडले होते. दख्खनमधल्या बहुतेक ताम्रपाषाणयुगीन वस्त्या इसवी सनापूर्वी एक हजारच्या सुमारास ओस पडत गेल्या, आणि म. के. ढवळीकर यांनी त्यामागे हवामान कोरडे होत जाण्याचे कारण मांडले. ते पूर्ण मान्य करावे की नाही यावर वाद आहे. पण एवढे निश्चित की मोठ्या नदीच्या काठावर असणे हे टिकून राहण्याचे आश्वासन नव्हते.

ऐतिहासिक काळात गावांना दुसरा आधार मिळाला, तो वाटांचा. दख्खनच्या पठारावरून घाट उतरून खानदेशात येणारे मार्ग पितळखोऱ्याच्या आणि अजिंठ्याच्या लेण्यांजवळून जात होते. अजिंठ्याची लेणी ज्या वाघुरेच्या वळणावर कोरलेली आहेत ती नदी पुढे जळगाव जिल्ह्यातून तापीला मिळते. लेण्यांना दान देणारे व्यापारी, भिक्षू आणि सैन्ये याच उपनद्यांच्या खोऱ्यांतून ये-जा करत होती. यादवकाळात हे चित्र आणखी स्पष्ट होते. चाळीसगावजवळच्या त्याच पाटणे येथे निकुंभ वंशातल्या मांडलिकांच्या आश्रयाने भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. भास्कराचार्यांच्याच कुळातल्या अनंतदेवाचा १२२२ चा शिलालेख बहाळला आहे. ज्योतिषाचे अध्ययन पोसू शकेल एवढी समृद्धी त्या काळात सातमाळ्याच्या पायथ्याशी आणि गिरणेच्या खोऱ्यात होती, आणि तापीच्या काठावर नव्हे तर तिच्यापासून दूर होती. तापीकाठी याच सुमारास तीर्थे मोठी झाली : पूर्णा-तापी संगमावरचे चांगदेव आणि गोमाई-तापी संगमावरचे प्रकाशा. तीर्थाला पाणी लागते ते स्नानापुरते. बाजारपेठेला लागते ते शेतापर्यंत पोहोचणारे.

चौदाव्या शतकात तापी राजकारणाच्या केंद्रस्थानी आली. फिरोजशहा तुघलकाकडून मलिक राजाला थाळनेरची जहागीर मिळाली आणि तिथून फारूकी घराण्याची सत्ता उभी राहिली. थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे आणि त्याचे महत्त्व समजण्यासाठी सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता पाहावा लागतो. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने या वाटेवरचे टप्पे नोंदवले आहेत : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडे आणि पुढे बुऱ्हाणपूर. शिंदखेडा तापीच्या दक्षिणेला, चोपडे उत्तरेला. म्हणजे सुरतेहून येणारा बैलांचा तांडा थाळनेरच्या उतारावर नदी ओलांडत होता. किल्ला, जकात, सराई, धान्यबाजार हे सगळे त्या एका उताराभोवती जमले. पावसाळ्यात वाट बंद राहिली तरी उरलेले आठ महिने उताराला किंमत होती. या रस्त्याला जोडलेली धरणगाव, चोपडे, नंदुरबार ही गावे कापडासाठी प्रसिद्ध होती. धरणगावात १६७४ च्या सुमारास इंग्रजांची वखार होती आणि मराठ्यांच्या फौजांनी तिथे लूट केली, यावरून त्या पेठेत लुटण्याजोगे काय होते हे कळते. उतारावरच्या गावाचे वैभव मात्र परस्वाधीन असते. मार्ग वळला किंवा सत्ता हलली की त्याच्याकडे स्वतःचे असे फारसे काही उरत नाही. १८१८ च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेर घेतले, किल्लेदार तुळशीरामाला फाशी दिले आणि शिबंदी कापून काढली. त्यानंतर ते गाव पुन्हा उभे राहिले नाही. लढाईत उद्ध्वस्त झालेली गावे खानदेशात पुष्कळ होती आणि त्यांतली अनेक सावरली. थाळनेर सावरले नाही, कारण ज्या वाटेने ते जगत होते ती वाटच ओसरत चालली होती.

दुसरा आक्षेप बुऱ्हाणपूरचा. पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारूकीने तापीच्या उत्तर काठावर बुऱ्हाणपूर आणि दक्षिण काठावर झैनाबाद वसवले. पुढे तिथे दोन शतकांहून अधिक काळ दख्खनमधले एक मोठे शहर नांदले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर ते मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे ठाणे झाले. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो तिथे शहाजादा परवीझला भेटला, १६३१ मध्ये मुमताज महल तिथेच वारली. मग तापीच्या काठावर शहर वाढू शकत नाही असे कसे म्हणता येईल? बुऱ्हाणपूरचे उदाहरण उलट बाजूने या लेखाचा मुद्दा बळकट करते. ते वाढले ते असीरगडाखालच्या, माळव्याकडे जाणाऱ्या खिंडीमुळे आणि राजधानीच्या खर्चामुळे. आणि पाण्याचे काय? तापी तटबंदीला लागून वाहत असूनही अब्दुल रहीम खानखानानाने १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारी कालव्यांतून, कुंड्यांच्या ओळीतून शहरात आणले. कुंडी भंडारा म्हणून ती व्यवस्था आजही पाहता येते. पायाशी बारमाही नदी असताना इराणी पद्धतीची भुयारे खणावी लागली, यापेक्षा तापीच्या मर्यादेचा चांगला पुरावा मिळणार नाही. असा खर्च फक्त सुभ्याचे ठाणेच करू शकते. औरंगाबादकडे सत्तेचा भार सरकला तेव्हा बुऱ्हाणपूरही ओसरले.

ज्या गावांकडे खानखानान नव्हता त्यांनी वेगळा मार्ग काढला होता. पांझरा, तिची उपनदी कान, तसेच मोसम, आरम, गिरणा यांच्या वरच्या टप्प्यांत किमान तीन-चारशे वर्षे फड पद्धतीने सिंचन चालत आले. नदीच्या खडकाळ जागी दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालची जमीन फडांत वाटायची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पिकांची फेरपालट फडाफडाने करायची आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी-थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने तोटा एकट्यावर पडत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार आणि त्यांना धान्याच्या रूपात मोबदला, अशी ती बिनसरकारी व्यवस्था होती. गॅझेटियरकारांनाही पश्चिम खानदेशात जुन्या बंधाऱ्यांचे अवशेष ठिकठिकाणी दिसले. या भागात पाऊस सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही बेभरवशाचा. अशा मुलखात ऊस, भात, भाजीपाला पिकवणारी हमीची पट्टी म्हणजे बाजाराला कायमचा आधार. दुष्काळ किंवा स्वारीनंतर लोक परतून आले ते अशाच गावांकडे. कौल देऊन, पहिली काही वर्षे सारा कमी ठेवून ओस गाव पुन्हा वसवण्याची रीत मराठी अमलात रूढ होती. पण कौलाला लोक प्रतिसाद देत ते पाट दुरुस्त करता येईल अशा ठिकाणी आधी.

धुळ्याचा इतिहास या दृष्टीने वाचावा. फारूकी काळात या भागाचे ठाणे होते ते शेजारचा लळिंग किल्ला. धुळे त्याच्या सावलीतले गाव. १८०३ मध्ये होळकरांच्या धामधुमीने आणि दुष्काळाने ते ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवायला घेतले. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले. त्या वेळी, १८१९ च्या नोंदीनुसार, तिथे चारशेच्या आसपास घरे आणि अडीच हजार माणसे होती. पारोळे, एरंडोल, नंदुरबार, चोपडे यांसारखी नावाजलेली गावे असताना हे लहान गाव का? ब्रिग्ज यांच्यासमोरच्या गरजा उघड होत्या : जिल्ह्याच्या मध्याजवळची जागा, मुंबई-आग्रा मार्ग, भिल्लांच्या डोंगरी मुलखावर लक्ष ठेवता येईल एवढी जवळीक आणि छावणीला व नव्या पेठेला पाणी. पांझरेचा पाट ही शेवटची गरज भागवत होता. त्यांनी व्यापारी आणि कारागीर बाहेरून बोलावले, घरांसाठी जागा दिल्या आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. धुळ्याच्या क्रमांक दिलेल्या गल्ल्या पाहून शहराची आखणी विश्वेश्वरय्यांनी केली असे अनेकदा सांगितले जाते. कालक्रम त्याला आधार देत नाही. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा आणि ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले १८८४ मध्ये. तोवर नवी पेठ साठ वर्षांहून जुनी झाली होती. त्यांचे इथले खरे काम वेगळे आणि या विषयाच्या अधिक जवळचे आहे : पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे प्रवाहाखालून पाणी नेणारी नळाची वक्रनलिका त्यांनी बांधली. धुळ्याचा पाया पाटाच्या पाण्यावर होता म्हणूनच तरुण अभियंत्याला पहिली कामगिरी पाटाची मिळाली. अर्थात जवळची नदी नेहमी उपकारच करते असे नाही. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेच्या पुराने धुळ्यातली शेकडो घरे नेली. तरीही शहर हलले नाही.

जळगावची गोष्ट दुसऱ्या टोकाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या परगण्याचे महत्त्वाचे गाव शेजारचे नशिराबाद होते. १८६० च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी आली आणि त्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले. काळ्या जमिनीचा कापूस, मुंबईकडे जाणारा लोहमार्ग आणि चढा भाव या तिन्हींची गाठ जळगावच्या स्थानकावर पडली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांना मोठा फटका बसला, पण पेठ मोडली नाही. जिन, प्रेस आणि मुळजी जेठांची खानदेश मिल यांनी तिला दुसरा आधार दिला. तरीही ही वाढ एका रात्रीत झाली असे मानू नये. १९०१ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे सोळा हजार होती. त्याच वेळी जुन्या सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवरच्या चोपड्याची अठरा हजारांहून अधिक आणि धुळ्याची जवळपास पंचवीस हजार. चार दशके रेल्वे असूनही जळगाव अजून चोपड्याच्या मागे होते. जुन्या पेठेचे भांडवल, विणकर आणि ओळखी यांचा जोर किती काळ टिकतो याचे हे मोजमाप आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास आणि चोपडे सत्तर हजारांच्या घरात होते. चोपड्याला आजही रेल्वे नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. जळगाव रेल्वेने वाढवले आणि धुळे कलेक्टरने, तर मग नदीचे काय राहिले? हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि त्याचे उत्तर रेल्वेच्याच नकाशात आहे. मनमाड-नांदगावकडून खानदेशात उतरणारा मुख्य मार्ग गिरणेच्या उजव्या अंगाने, तिला कुठेही न ओलांडता, थेट जळगावला येतो. भुसावळहून नागपूरकडे जाणारा फाटा तापी आणि पूर्णा यांच्या दक्षिणेनेच जातो. तापी ओलांडावी लागते ती फक्त खांडव्याच्या फाट्याला. रुंद पात्राच्या, पुराच्या नद्यांवर पूल बांधणे महाग आणि धोक्याचे होते; अभियंत्यांनी ते शक्य तितके टाळले. परिणाम असा की गिरणेच्या डाव्या अंगाची धुळे, पारोळे, एरंडोल, धरणगाव, अमळनेर आणि तापीपलीकडची चोपडे, यावल ही गावे मुख्य मार्गाबाहेर राहिली. ज्या नद्यांनी उताराच्या जोरावर गावे मोठी केली, त्यांनीच आता पलीकडची गावे मागे ठेवली. धुळ्याला चाळीसगावचा फाटा १९०० मध्ये मिळाला. सुरतेकडून आलेला तापी व्हॅली मार्गही त्याच सुमारास अमळनेरला पोहोचला. या उशिराचे फळ गावागणिक वेगळे दिसते. अमळनेरला प्रताप शेठजींच्या गिरणीने बळ दिले आणि बोरीकाठचे ते संतक्षेत्र औद्योगिक गाव झाले. धरणगावला मात्र रूळ मिळूनही जुने स्थान परत मिळाले नाही. तोवर कापसाची बाजारपेठ शेजारच्या जळगावात पक्की झाली होती. नुसती रेल्वे पुरत नाही, ती कधी येते हेही महत्त्वाचे, आणि ती कधी येणार हे नदीने ठरवले. भुसावळ हा अपवाद वाटेल, कारण ते तापीजवळ असून मोठे झाले. पण तिथे शहर वाढवले ते दोन मार्गांच्या फुटीने आणि कारखान्यांनी. वाफेच्या इंजिनांना लागणारे पाणी तापीतून पंपाने वर घेता येऊ लागले होते. यंत्र आल्याशिवाय ते शक्य नव्हते.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी झाली आणि शेजारची ही दोन शहरे एकमेकांच्या तुलनेत मोजली जाऊ लागली. धुळ्याकडे कचेऱ्या, आग्रा रोड आणि विद्याभ्यासाची परंपरा होती; इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये तिथेच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्यांचा संग्रह सांभाळते. जळगावकडे मुख्य लोहमार्ग, कापूस, डाळ आणि सोन्याचा बाजार होता. विसाव्या शतकात जळगाव पुढे गेले. त्याचे श्रेय तिथल्या व्यापाऱ्यांच्या उद्यमशीलतेला दिले जाते आणि ते वाजवी आहे. पण उद्यमशील माणसे नशिराबादेत आणि चोपड्यातही होती. फरक जागेचा होता.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत या इतिहासाला नवे वळण लागले आहे. गिरणा धरण, तापीवरचे हतनूर, पांझरेवरचे अक्कलपाडा, वाघूर धरण, सुलवाडे आणि सारंगखेड्याचे बॅरेज यांनी नद्यांचे वागणे बदलले. त्याहून मोठा बदल विजेच्या पंपाने केला. जे पाणी काठाखाली दिसत असून हाती येत नव्हते ते आता उचलता येते. रावेर-यावलची केळी सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेल्या पाण्यावर आणि खोल जाणाऱ्या विहिरींवर उभी आहे; धुळे शहर स्वतःच्या पांझरेकाठी बसून तापीचे पाणी नळाने आणते; जळगाव वाघूर धरणाचे पाणी पिते. जळगावातच ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभा राहिला, हाही पाण्याच्या टंचाईने शिकवलेला धडा. पंपाने जुनी मर्यादा उठवली आणि म्हणून नदीचा विचार करण्याची गरज संपली, असा समज यातून पसरला आहे. तो धोक्याचा आहे. फडाला नदीत पाणी असेल तेवढेच घ्यावे लागे आणि कमी पडले तर एक फड सर्वांनी मिळून सोडावा लागे. पंपाला असा हिशेब नाही. त्यामुळे पायथ्याच्या भूजलाची पातळी खाली जाते आणि फडाचे जुने बंधारे गाळाने भरून निकामी होतात.

आढाव्याचा निर्णय असा : थाळनेर उतारावर जगले, धुळे पाटावर वाढले, जळगाव रुळावर. तिन्ही ठिकाणी नदीने हुकूम केला नाही, पण कुठे काय करणे परवडेल याची सीमा तिनेच आखली. संस्थापकाच्या नावावर भांडणारा स्थानिक इतिहास ही सीमा पाहत नाही आणि तापीच्या नळयोजनांवर विसंबणारे नियोजनही ती पाहत नाही. पांझरा, कान, बोरी आणि गिरणेवरचे जे बंधारे अजून उभे आहेत त्यांची गावनिहाय नोंद, दुरुस्ती आणि त्यांच्या पाटांवरची अतिक्रमणे हटवणे, हे काम धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने आणि इथल्या विद्यापीठाने एकत्र हाती घ्यावे. त्याबरोबर तापीवरच्या जुन्या उतारांचे आणि जुन्या वस्त्यांच्या पांढरीच्या टेकाडांचे सर्वेक्षणही व्हावे, कारण वाळूउपसा आणि नांगर यांपुढे ती फार काळ टिकणार नाहीत.